आईच्या एका डोळ्याला लेझर आणि दुसऱ्याला इंजेक्शन, असं का?

मुलुंडची_पोरगी

नमस्कार मंडळी, इथे बरेच अनुभवी लोक आहेत म्हणून विचारतेय. आई ६३ वर्षांची, शुगर सोळा-सतरा वर्षांपासून, बीपीची गोळी आहे. राहते लालबागला चाळीत, एकटी नाही, दादा-वहिनी आहेत. मागच्या दिवाळीपासून म्हणत होती की देवघरामागच्या टाइल्सची रेघ वाकडी दिसते, आम्ही म्हटलं चाळ जुनी आहे, टाइल्सच वाकड्या असतील 🙈 आता वाईट वाटतं. मग गेल्या महिन्यात दादर स्टेशनला इंडिकेटरवर ठाणे लिहिलंय की टिटवाळा हे तिला वाचता येईना आणि चुकून फास्ट गाडीत बसली, तेव्हा कुठे आम्ही जागे झालो.

चष्मेवाल्याने नंबर काढला आणि म्हणाला नंबर देऊन उपयोग नाही, डोळ्याचा मागचा पडदा (रेटिना) दाखवा. रेटिनाच्या डॉक्टरांकडे गेलो, थेंब घालून बघितलं, ओसीटी (पडद्याची जाडी मोजणारा स्कॅन) काढला, हातात सुई देऊन पिवळं औषध सोडून अँजिओग्राफी केली (दुसऱ्या दिवसापर्यंत लघवी केशरी, आई घाबरली, मला रात्री अकराला फोन). निदान असं की दोन्ही डोळ्यांच्या पडद्याला शुगरमुळे सूज आहे. उजव्या डोळ्याची नजर ६/९ (खालचा आकडा जितका मोठा तितकी नजर कमी), ओसीटीवर मधली जाडी २६८ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग). डावा ६/३६, जाडी ४१२. डॉक्टर म्हणाले उजव्याला लेझर करू आणि डाव्याला इंजेक्शन, दर महिन्याला एक, निदान पाच आणि मग बघू.

आता आजार एक, माणूस एक, मग दोन डोळ्यांना दोन ट्रीटमेंट कशा? शेजारच्या काकू म्हणाल्या लेझरने डोळा जळतो, त्यांच्या दिराला झाल्यावर रात्रीचं दिसेनासं झालं. वहिनीचं म्हणणं डॉक्टरकडे मशीन आहे म्हणून लेझर गळ्यात मारतायत. आणि आईला वाटतंय की लेझर झालं की चष्मा जाणार, कारण भाच्याचा गेला होता. मी विचारायला गेले तर ओपीडीत एवढी गर्दी होती की डॉक्टर बोलत होते आणि मागून पुढचा पेशंट खुर्चीत बसायलाच आला. प्लीज कोणीतरी साध्या भाषेत सांगा.

चष्मेबहाद्दर

ताई, मी डॉक्टर नाही, ऑप्टोमेट्रिस्ट (डोळे तपासणारा, नंबर काढणारा) आहे, बारा वर्षं रेटिनाच्या ओपीडीत ओसीटी काढतोय, त्यामुळे हा प्रश्न रोज ऐकतो. उपचार कोणता ते तुमचे डॉक्टरच ठरवणार पण समजून घ्यायला सांगतो.

आधी एक, भाच्याचं लेझर वेगळं. ते बुबुळाच्या पुढच्या पारदर्शक भागावर होतं, चष्म्याचा नंबर घालवायला. हे डोळ्याच्या एकदम मागच्या पडद्यावर. नाव सारखं, बाकी काही सारखं नाही. आईंना हे आजच सांगा नाहीतर नंतर त्या तुमच्यावरच चिडतील.

आता सूज म्हणजे काय. आपल्या बिल्डिंगांमध्ये वरच्या मजल्यावरच्या बाथरूमचं लीकेज असतं ना, तसंच समजा. शुगरने बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती कमकुवत होतात, त्यांना छोटे फुगे येतात, त्या फुग्यांतून पाणी आणि चरबी पाझरते आणि पडदा ओल धरतो. ओल धरलेल्या भिंतीला जसा पांढरा खार फुटतो तसे पडद्यावर पिवळे ठिपके दिसतात, बरेचदा गळणाऱ्या जागेभोवती गोल रिंगण करून. आईंच्या उजव्या डोळ्याच्या फोटोत असं रिंगण आहे का बघा, मला वाटतं असणार.

लेझर म्हणजे प्लंबर येऊन तो गळणारा जॉइंट बंद करतो. ठिपका असतो फक्त ५० ते १०० मायक्रॉनचा आणि एका शॉटचा वेळ सेकंदाच्या दहाव्या भागाइतका किंवा त्याहून कमी. पण तो बारीक का होईना, चटकाच आहे, तिथे व्रण राहतो. काकूंचं म्हणणं तेवढ्यापुरतं खोटं नाही. म्हणून पडद्याच्या अगदी मधोमध, जिथून आपण वाचतो, सुईत दोरा ओवतो, माणसाचा चेहरा ओळखतो, तिथे लेझर मारत नाहीत, साधारण अर्धा मिलिमीटर लांबच राहतात.

यातच तुमच्या प्रश्नाचं उत्तर आहे. उजव्या डोळ्याची मधली जाडी २६८ म्हणजे जवळपास नॉर्मलच (नॉर्मल २५०च्या आसपास, मशीनप्रमाणे थोडं इकडेतिकडे). म्हणजे गळती बाजूला आहे, मध्यापर्यंत पोचलेली नाही, ती आत्ताच बंद केली तर मध्य वाचतो. डाव्यात पाणी मध्यातच आलंय, तिथे चटका देता येत नाही, म्हणून इंजेक्शन. आजार एकच आहे ताई, जागा वेगळी.

परळकर

+१ वरच्या प्रतिसादाला. थोडी जुनी माहिती जोडतो, मी मेडिकलच्या बाजूचा माणूस आहे, आता रिटायर. आमच्या उमेदीच्या काळात इंजेक्शन हा प्रकारच नव्हता, जे काही होतं ते लेझर. १९८५ साली अमेरिकेतला मोठा अभ्यास आला, त्यात शुगरच्या सुजेला लेझर केलेल्या लोकांत तीन वर्षांत नजर बरीच खाली जाण्याचं प्रमाण लेझर न केलेल्यांच्या निम्म्यावर आलं, साधारण २४ टक्क्यांवरून १२ टक्के. नीट वाचा, नजर *जाण्याचं* प्रमाण कमी झालं. नजर वाढली असं फार थोड्यांचं झालं. लेझरकडून एवढीच अपेक्षा ठेवायची, आहे ते राखायचं. इंजेक्शनं आल्यावर पहिल्यांदा असं दिसलं की बऱ्याच पेशंटना तक्त्यावरच्या दोन-दोन ओळी जास्त वाचता येतायत, म्हणून मध्यातल्या सुजेला आता ती आधी देतात.

इंजेक्शनांत तीन नावं ऐकाल, बेव्हासिझुमॅब, रॅनिबिझुमॅब, अफ्लिबरसेप्ट. पहिलं मूळचं कॅन्सरचं औषध, डोळ्यासाठी त्यातूनच बारीक डोस काढतात, म्हणून सगळ्यात स्वस्त. रॅनिबिझुमॅबची भारतीय कंपनीने बनवलेली आवृत्ती २०१५ पासून आहे, ती मूळ ब्रँडपेक्षा स्वस्त पडते. २०१५ सालीच तिघांची तुलना आली होती, त्यात नजर चांगली असेल तर तिन्ही सारखीच, पण नजर बरीच खाली असेल (आईंच्या डाव्या डोळ्यासारखी) तर पहिल्या वर्षात अफ्लिबरसेप्ट जरा पुढे. दुसऱ्या वर्षापर्यंत तो फरकही कमी झाला. तेव्हा महागडंच घ्यायला हवं होतं म्हणून जीव जाळू नका, डॉक्टरांना सरळ विचारा, आमच्या खिशाला दर महिन्याला काय झेपेल. अर्धवट सोडलेल्या महाग इंजेक्शनापेक्षा नेमाने घेतलेलं स्वस्त बरं.

बोरिवली_स्लो

तुमच्या काकूंच्या दिराला जे झालं असणार ते मला झालंय म्हणून लिहितो. २०११ साली दोन्ही डोळ्यांना मिळून चार सिटिंग. पण ते *वेगळं* लेझर बरं का. माझ्या पडद्यावर शुगरमुळे नवीन नको त्या रक्तवाहिन्या उगवल्या होत्या, त्या फुटून डोळ्यात रक्त साचतं आणि पडदा ओढला जातो, म्हणून मधला भाग सोडून सगळ्या कडेच्या पडद्यावर शेकडोंनी चटके देतात, एका डोळ्याला हजाराच्या वर. त्याने कडेचा पडदा थोडा निकामी होतो आणि काळोखातलं दिसणं कमी होतं. मला हे आधी कोणी सांगितलंच नाही, कुठला दवाखाना ते जाऊ द्या, पण पहिल्याच आठवड्यात थिएटरमध्ये पायरी चुकलो आणि बायकोच्या अंगावर पॉपकॉर्न. रात्रीची स्कूटर तेव्हापासून बंद. दुखलंही होतं, शेवटच्या सिटिंगला तर डोक्यात मागे कोणी खिळा मारतंय असं.

पण आज ७० पूर्ण आहेत आणि पेपर वाचतो, शब्दकोडं सोडवतो. माझ्याबरोबर त्या बाकड्यावर एक गृहस्थ बसायचे, लेझरला घाबरून आलेच नाहीत परत, नंतर भेटले तेव्हा मुलाचा हात धरून चालत होते. आईंचं सुजेचं लेझर त्यामानाने फारच थोडक्यात असतं, त्याला घाबरायचं काम नाही.

आळशी_मांजर

माझा अनुभव थोडा वेगळा, पडद्याला सूज मलाही आली होती, वय ३६, शुगर नाही काही नाही. ऐरोलीला ऑफिस, रात्रंदिवस डेडलाइन, एक दिवस एका डोळ्यासमोर मधोमध राखाडी डाग आणि एक्सेलच्या रेघा वाकड्या. मी म्हटलं मॉनिटर गेला. माझ्या सुजेचं नाव वेगळंच, सेंट्रल सिरस, सीएसआर म्हणतात. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, स्टिरॉइड घेता का. मी म्हटलं छे. मग आठवलं, पावसाळ्यात जांघेत नायटा झाला होता म्हणून केमिस्टकडून मलम आणून चार महिने लावत होतो, ट्यूब दाखवली तर त्यात स्टिरॉइड. गोळी, इनहेलर, नाकातला स्प्रे, मलम, कुठल्याही रूपातलं स्टिरॉइड या सुजेला निमित्त होऊ शकतं. मलम बंद केलं, लेझर नाही, इंजेक्शन नाही, नुसतं थांबायला सांगितलं आणि साडेतीन महिन्यांत उतरली. सांगायचा मुद्दा, कोणाची सूज आपोआप गेली म्हणून आईंची जाईल असं धरून बसू नका. शुगरची सूज वेगळी.

निसर्गोपचार_प्रेमी

लेझर आणि इंजेक्शन हे सगळे धंदे आहेत. रोज सकाळी त्रिफळ्याच्या पाण्याने डोळे धुवा, गाईचं तूप घाला, अनवाणी हिरवळीवर चाला, सहा महिन्यांत फरक पडतो, माझ्या मेहुण्याचा चष्मा गेला.

चष्मेबहाद्दर

@निसर्गोपचार_प्रेमी, दादा, लालबागला हिरवळ कुठे मिळायची 🙂 चालणं उत्तमच आहे, शुगरला हवंच. पण डोळा कितीही धुतला तरी पाणी पुढच्या बाजूला लागतं, पडदा मागच्या भिंतीवर आहे, तिथे काही पोचत नाही. आणि इंजेक्शन घेतलेल्या डोळ्यात घरचा काढा किंवा तूप घालणं म्हणजे इन्फेक्शनला आवतण. सहा महिने थांबायला तो डावा डोळा मोकळा नाही.

ताई, अजून एक राहिलं. आईंच्या शुगरच्या गोळ्यांची पट्टी उलटी करून बघा, त्यात पायोग्लिटाझोन आहे का. बरेचदा दोन-तीन औषधं एकाच गोळीत असतात त्यामुळे नावावरून कळत नाही. काही लोकांत ते अंगात पाणी धरतं, पायावर सूज येते आणि पडद्याची सूजही वाढू शकते. असेल तर स्वतःहून बंद करू नका, शुगरच्या डॉक्टरांना सांगा की रेटिनाला सूज आहे. बीपी, हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन, कोलेस्टेरॉल हेही त्यांच्याकडूनच बघून घ्या, किडनीवर ताण असेल तर डोळ्यात कितीही इंजेक्शनं द्या, ओल परत येते.

मुलुंडची_पोरगी

अरे देवा!! आत्ता व्हिडिओ कॉलवर दादाला पट्टी वाचायला लावली, तीन औषधं एकत्र असलेली गोळी आहे आणि तिसरं नाव पायोग्लिटाझोनच. आणि आईच्या पायावर संध्याकाळी सूज असते, आम्ही म्हणायचो दिवसभर ओट्याशी उभी असते म्हणून. उद्याच नेते शुगरवाल्या डॉक्टरांकडे.

आणि हो, फोटोत रिंगण आहे! पिवळ्या ठिपक्यांचं, अगदी गोल. मला वाटलं होतं प्रिंट खराब आलीय.

अजून दोन विचारायचंय, लेझरच्या दिवशी नक्की काय करतात आणि मेडिक्लेममध्ये बसतं का?

थालीपीठ_लोणी

लेझरचं मी सांगते, माझ्या सासूबाईंना नेलं होतं. भूल वगैरे नाही, फक्त बधिर करायचे थेंब. आधी बाहुली मोठी करायचे थेंब घालून तासभर बसवतात, मग नेहमीच्याच त्या मशीनसमोर हनुवटी टेकवायची आणि डोळ्यावर जेल लावलेली एक जाड काच बसवतात, तिच्यामुळे पापणी मिटत नाही. मग टक् टक् करत प्रखर हिरवा प्रकाश. सासूबाई म्हणाल्या दुखलं नाही पण त्या उजेडानेच जीव नकोसा झाला. दहा-पंधरा मिनिटांत बाहेर. नंतर थोडा वेळ सगळं गुलाबी-जांभळं दिसतं, ते जातं. काही दिवस बारीक ठिपके दिसू शकतात. डोकं हलवू नका म्हटलं की खरंच हलवायचं नाही, आमच्या सासूबाई मध्येच डॉक्टरांना चहा घेतलात का विचारत होत्या 😀

परत येताना मात्र सांभाळा. बाहुली चार-सहा तास मोठीच असते, ऊन सहन होत नाही, पायरी आणि प्लॅटफॉर्मची फट नीट कळत नाही. काळा गॉगल न्या, अकरा-साडेअकराची अपॉइंटमेंट घ्या म्हणजे जातायेता गाडीला गर्दी नाही, नाहीतर सरळ टॅक्सी करा.

हिशोबी_माणूस

मेडिक्लेमचं मी सांगतो कारण वडिलांच्या वेळी पुरता पोळलोय. डोळ्यातल्या इंजेक्शनाला कंपनी म्हणाली हे ओपीडी आहे, चोवीस तास ॲडमिट नाही, पैसे मिळणार नाहीत. पण विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या आयआरडीएआयने २०१९ साली आधुनिक उपचारांची बारा नावांची यादी काढली, त्यात डोळ्यात द्यायची इंजेक्शनं स्पष्ट लिहिली आहेत, कंपनीला ती सरसकट वगळता येत नाहीत. मात्र रकमेवर मर्यादा घालता येते आणि तिथेच मेख असते, तेव्हा पॉलिसीच्या कागदात ती मर्यादा शोधा आणि *आधी* ईमेलवर विचारून लेखी उत्तर घ्या, फोनवरच्या मुलीने हो म्हटलं त्याला काही अर्थ नाही. लेझर त्या यादीत नाही, ते तुमच्या पॉलिसीच्या डे केअर (ॲडमिट न राहता त्याच दिवशी घरी जायचे उपचार) यादीत आहे का बघा, नसेल तर बहुतेक खिशातून.

पॉलिसी नसेल तर केईएम, सायन, नायर, जेजे सगळीकडे डोळ्यांचा विभाग आहे. रांग लागते, केसपेपरला सकाळी लवकर जा. रेशनकार्ड घेऊन तिथल्या आरोग्यमित्राला महात्मा फुले योजनेत काय बसतं ते विचारा, विचारायला पैसे पडत नाहीत.

दादरची_मावशी

ह्यांना पडद्याची सूज शुगरने नाही, बीपीने आली होती. डोळ्यातली शीर बंद झाली, सकाळी उठले तर एका डोळ्याने खालचं अर्धं धूसर. तेव्हा डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली, लेझर लगेच केलं नाही, म्हणाले रक्त ओसरू दे. इंजेक्शनांनी डोळ्यातलं प्रेशर नाही वाढलं पण मग स्टिरॉइडची एक बारीक कांडी डोळ्यात सोडली त्याने वाढलं, काही महिने प्रेशरचे थेंब घालावे लागले, आणि मोतीबिंदूही लवकर आला. ती कांडी सुचवली तर तेवढं विचारून घ्या गं. आणि उपास!! आईला सांग नवरात्राचे नऊ दिवस साबुदाणा आणि बटाटा खाऊन शुगर ३००ला नेऊ नकोस, देवी काही रागवत नाही.

मुलुंडची_पोरगी

धागा वर काढतेय, सव्वादोन महिन्यांनी. उशिराबद्दल सॉरी, पण इतक्या जणांनी लिहिलं होतं त्यांना कळवायलाच हवं.

गोळी बदलली, पायाची सूज आठ-दहा दिवसांत उतरली. उजव्याला लेझर झालं, अगदी थालीपीठ ताईंनी लिहिलं तस्संच, बाहेर येऊन आई म्हणाली सगळ्यांच्या साड्या गुलाबी कशा. नजरेत फरक शून्य, ६/९ होती ६/९ आहे, मी दोनदा तिला समजावलं की हेच हवं होतं. डॉक्टर म्हणाले रिंगण विरायला अजून महिने लागतील, चष्मेबहाद्दर दादांची ओली भिंत आठवली, गळती बंद झाली तरी वाळायला वेळ लागणारच. डाव्याची दोन इंजेक्शनं झाली. आईला वाटलं होतं सुई बाहुलीत टोचतात, तर बाजूच्या पांढऱ्या भागात देतात आणि कळायच्या आत होतं. ४१२ ची जाडी ३१८ झाली, नजर ६/३६ वरून ६/१८. गोळीमुळे किती आणि इंजेक्शनामुळे किती हे डॉक्टरही सांगू शकले नाहीत. अजून तीन बाकी आहेत.

टाइल्सची रेघ अजून थोडी वाकडी दिसते म्हणते. आम्ही तिला चौकटीचा कागद दिलाय, रोज एक डोळा झाकून रेघा सरळ दिसतात का बघायचं, तो तिने फ्रिजवर दुधाच्या हिशोबाशेजारी लावलाय.

तिसरं इंजेक्शन नेमकं गणपतीच्या आदल्या दिवशी येतंय, आणि आईचा प्रश्न आहे की दुसऱ्या दिवशी मोदकाच्या वाफेसमोर उभं राहिलं तर चालेल का. हा तिने मला इथे विचारायलाच लावलाय.

चष्मेबहाद्दर

६/१८!! मस्त. वाफेने पडद्याला काही होत नाही, पण इंजेक्शननंतर दोन-तीन दिवस डोळ्यात पाणी, पीठ, घाम काही जाता कामा नये, डोळा चोळायचा नाही, डोक्यावरून आंघोळ नाही. दुखायला लागलं, लाल झाला आणि नजर कमी झाली तर गणपती असो काही असो, त्याच दिवशी दाखवायचं, ते इन्फेक्शन असू शकतं. क्वचित होतं पण थांबायचं नसतं. सणात दवाखाना बंद असेल तर इमर्जन्सीचा नंबर आत्ताच घेऊन ठेवा. आणि तारीख आठवडाभर अलीकडे घेता येते का ते एकदा विचारा की.

दादरची_मावशी

मोदक वहिनी करेल. आईने फक्त खुर्चीत बसून पाकळ्या नीट पडल्या का ते उजव्या डोळ्याने बघायचं 😄 आणि खायचा एकच.